'का जळला ते आधी बघू' : सांगलीतल्या एका ॲम्प्लिफायर दुरुस्तीच्या दुकानाचा अनुभव

सुरुवातीलाच सांगून टाकते. या दुकानात पावती मिळत नाही, फोन उचलत नाहीत, आणि गिऱ्हाईकासाठी जे एकुलतं एक स्टूल आहे त्याचा एक पाय आखूड आहे. एवढं खपत असेल तर पुढे वाचा.

दुकान हरभट रोडवरून आत जाणाऱ्या एका बोळात आहे. त्याचं नाव २०१९ च्या पुरापर्यंत पाटीवर होतं म्हणे. त्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, त्यात पाटी गेली ती पुन्हा रंगवलीच नाही. आत भिंतीवर पाण्याची रेघ अजून आहे, माझ्या डोक्याच्या हातभर वर. भिंतीला रंग दिला तेव्हा तेवढा पट्टा मुद्दाम सोडलेला दिसतो. बोळात शिरून कुणालाही 'ॲम्प्लीवाले मामा' म्हणून विचारा, दाखवतील.

आता आमचा ॲम्प्लिफायर. आम्ही सांगलीजवळच्या हरिपूरच्या बायकांचं भजनी मंडळ, चौदा जणी. मी एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली, म्हणून मंडळात माझ्याकडे दोन खाती आहेत : हिशेब आणि 'इलेक्ट्रिकचं काय असेल ते'. पहिलं जमतं. दुसऱ्याची लाज या श्रावणात निघाली.

ॲम्प्लिफायर जुना आहे, दोन माईक आणि एक भोंगा चालवणारा, लोखंडी पेटीतला. आवाज एकदम मोकळा. नवीन घ्या, हलका घ्या असं सगळे सांगतात, पण जुन्याचं वजन हातात आलं की विश्वास वाटतो, त्याला काय करणार. उन्हाळ्यात एके दिवशी हरिपाठ चालू असताना करपल्याचा वास आला आणि माईक हळूहळू खोल विहिरीत गेल्यासारखा झाला. आमच्या भागातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने पेटी उघडली, एक काळाठिक्कर पडलेला रेझिस्टर (विजेची धारा आवरणारा छोटा भाग) चिमट्याने उपटून मला दाखवला, "हा बघा, हा गेलाय," म्हणाला आणि नवीन लावून दिला. साडेतीनशे रुपये. आठ दिवसांनी तोच वास, तोच खोल आवाज. पुन्हा नेला. या वेळी त्याने पांढरा, चौकोनी, सिमेंटचा जाडजूड रेझिस्टर लावला. "पाच वॅटचा घातलाय, आता जळायची बातच नाही." चारशे रुपये.

आणि खरंच तो जळला नाही. एवढंच की भजन सुरू झाल्यावर अर्ध्या तासात आवाज घोगरा व्हायचा, पेटीचा डावा कोपरा तव्यासारखा तापायचा, आणि श्रावणात पहिल्या सोमवारी संगमेश्वराच्या यात्रेत, देवळासमोर माणसांचा पूर आलेला असताना, तिसऱ्या अभंगाला आमचा आवाज बसला. माणसांचा नाही, यंत्राचा. पुढची भजनं आम्ही तोंडानेच रेटली. टाळाच्या वरताण ओरडून माझा स्वत:चा घसा चार दिवस बसला होता.

मामांकडे गेले ती त्याच्या दुसऱ्या दिवशी. दुकान साडेदहाला उघडतं असं ऐकलं होतं, उघडलं सव्वाअकराला. मामा साठीच्या आसपास, चष्मा कपाळावर, बोलणं कमी. हाताखाली भाचा आहे, तो मात्र बोलतो. मी पेटी टेबलावर ठेवली आणि जाणकारपणे सांगितलं, "रेझिस्टर जळतोय वारंवार. चांगल्या कंपनीचा बसवून द्या."

मामांनी चष्मा खाली घेतला. "बाई, रजिस्टन काय आपल्या मनानं जळत न्हाई. का जळला ते आधी बघू. वेळ हाय न्हवं?"

वेळ होता. नसता तरी काढला असता, कारण मला तो प्रश्नच लागला. दहावीच्या पुस्तकात 'विद्युतधारेचे परिणाम' असा धडा आहे. त्यातला ज्यूलचा नियम मी किती वेळा फळ्यावर लिहिला असेल, मोजदाद नाही : रोधकात (रेझिस्टरचं पुस्तकातलं नाव) निर्माण होणारी उष्णता म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध गुणिले काळ. धारा वाढली की उष्णता तिच्या वर्गाने वाढते. मग जो रोधक जळतोय त्याच्यातून धारा जास्त जात असणार, आणि ती का जाते हे त्या रोधकाला विचारून कळणार नाही, त्याच्या पलीकडे बघावं लागणार. एवढं साधं मला सुचलं नव्हतं. पोरांना सोडवायला दिलेल्या उदाहरणात बॅटरी, रोधक आणि बल्ब एवढंच असायचं, पेटीत शंभर गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या असतात, हे माझं समर्थन.

झाकण उघडल्यावर पहिल्यांदा आमचीच शोभा झाली. आत तळाला हळदी-कुंकू. दर खंडेनवमीला आम्ही ॲम्प्लिफायरची पूजा करतो, ते वरच्या जाळीतून वर्षानुवर्षं आत सांडत आलेलं. हरिपूरची माणसं हळदीला कमी करत नाहीत. त्यावर धूळ, त्यावर उदबत्तीची राख. मामांनी ब्रशने सगळं झाडून एका कागदावर गोळा केलं आणि कागद माझ्यासमोर सरकवला. "प्रसाद." मग विचारलं, वर काय झाकता? मी सांगितलं, क्रोशाचा रुमाल, शोभेला. ते काही बोलले नाहीत. भाचा बोलला, "काकू, जाळी हवेसाठी असतीया."

यानंतर जे झालं ते मी सविस्तर लिहिणार आहे, कारण या दुकानाची खरी किंमत त्यातच आहे.

मामांनी पेटी थेट प्लगला लावली नाही. भिंतीवर त्यांचा सिरीज बोर्ड आहे, म्हणजे विजेच्या वाटेत मध्येच एक १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब. यंत्रात मोठं शॉर्ट असेल तर सगळा भार बल्ब घेतो आणि लख्ख पेटतो, यंत्र वाचतं. शॉर्ट नसेल तर बल्ब क्षणभर चमकून मंदावतो. आमचा चमकला आणि मंदावला. म्हणजे ट्रान्सफॉर्मर ठीक, डायोड ठीक, शेवटचे मोठे, आवाज वाढवणारे ३०५५ ट्रान्झिस्टर ठीक. एका बल्बने अर्धी पेटी तपासून झाली. असे तीन बल्ब मामांनी कापसात गुंडाळून ठेवलेत, आता लवकर मिळत नाहीत म्हणून.

मग पांढऱ्या रेझिस्टरकडे वळले. वायर काढली, तरी लगेच हात घातला नाही. पेटीतला मोठा कंडेन्सर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, आधी रिकामा केला, दोन टोकांना एक जुना रेझिस्टर थोडा वेळ धरून. (पुस्तकात आम्ही 'धारित्र' म्हणायचो. मामांच्या तोंडी कंडेन्सर आहे, मीही आता तेच म्हणते.) प्लग काढला तरी त्यात पन्नासेक व्होल्ट साठून राहतात, आणि स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट केला तर फटाका वाजतो. घरी पेटी उघडायचा उत्साह ज्यांना आहे त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. प्लग जोडलेला असताना तर उघडूच नये, आत २३० व्होल्ट उघडे असतात.

सिमेंटच्या रेझिस्टरखाली प्लेट, म्हणजे सगळे भाग जिच्यावर जोडतात ती पट्टी, भाकरीसारखी भाजली होती. तांब्याची एक रेघ सुटून वर आलेली, जोड धरून ठेवणारं सोल्डर भुसभुशीत झालेलं. आमच्याकडे तो पहिला, मूळचा जळका रेझिस्टर होता, मी डबीत जपून ठेवला होता. (शाळेची सवय, पुरावा टाकायचा नाही.) मामांनी तो भिंगाखाली धरला. रेझिस्टरवरच्या पट्ट्यांच्या रंगांवरून त्याचा रोध किती ओहम ते कळतं. पट्टे तपकिरी, लाल आणि तिसरा तपकिरीसारखा दिसणारा. "एकशेवीस ओहम," मी पटकन म्हणाले. रंगांची संकेतावली मला अजून पाठ आहे. मामा म्हणाले, तिसरा पट्टा लालच असणार. रेझिस्टर मधोमध सगळ्यात जास्त तापतो आणि लाल रंग करपला की तपकिरी दिसतो. म्हणजे १२० नाही, १२०० ओहम. खात्रीसाठी मांडणीवरून याच बनावटीचा एक मोडका सांगाडा काढून त्यातला मोजला. १२००. आधीच्या माणसाने निदान आकडा बरोबर वाचला होता, तेवढं श्रेय त्याला. मी त्याच्या जागी असते तर दहापट कमी रोधाचा बसवून धूर काढला असता.

या रेझिस्टरचं काम काय, ते मामांनी पाण्याच्या टाकीवर समजावलं, आणि मी ते जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. पेटीतला मुख्य सप्लाय ४८ व्होल्ट. माईकच्या नाजूक भागाला लागतात २४. मध्ये हा रेझिस्टर, म्हणजे मोटर, थोडं थोडं पाणी वर चढवणारी. वर टाकी म्हणजे एक छोटा कंडेन्सर. टाकीला ओव्हरफ्लोचा पाइप असतो तसा झेनर डायोड, २४ च्या वर गेलं की जास्तीचं सोडून देणारा. आणि टाकीतून खाली नळ, म्हणजे माईकचा भाग. सगळं ठीक असेल तर रेझिस्टरवर २४ व्होल्ट पडतात. २४ भागिले १२०० म्हणजे २० मिलिअँपियर, आणि उष्णता अर्ध्या वॅटला जरा कमी, ०.४८. मूळचा एक वॅटपर्यंत सोसणारा होता. म्हणजे कंपनीने दुपटीची सोय ठेवलेली, व्यवस्थित.

"आता बघा प्रत्यक्षात काय हाय." मामांनी काट्याचा मीटर लावला. आकड्यांचा मीटरही आहे त्यांच्याकडे, पण हळूहळू बदलणारी गोष्ट काट्यावर चांगली दिसते म्हणाले. पेटी चालू केली, भोंग्याऐवजी एक जुना स्पीकर जोडला आणि भाच्याला माईक दिला. टाकीच्या जागी २२ व्होल्ट. चोवीस पाहिजे, बावीस आहे, म्हणजे ओव्हरफ्लो सुटलेलाच नाही. पण फार वाईटही नाही. मला वाटलं, एवढंच?

"थांबा. हे तापू द्या." आणि माझ्यासमोर एक लग्नपत्रिकेचं पाकीट आणि पेन्सिल ठेवली. "दर पाच मिनिटाला लिव्हा."

एकतीस वर्षं मी मुलांकडून निरीक्षण तक्ते करून घेतले, निवृत्तीनंतर माझ्यावरच ती वेळ आली. पाकिटाच्या पाठीवर मी लिहिलं : सुरुवातीला २२, पाच मिनिटांनी २०, दहाला १८, पंधराला १४, विसाला १२, पंचविसाला ११. भाचा मधूनमधून "हॅलो हॅलो, रामकृष्णहरी" म्हणत होता. पंधराव्या मिनिटाला रामकृष्णहरी घोगरं झालं, विसाव्याला विहिरीत गेलं. यात्रेत आमचं जे झालं ते मी काट्यावर घडताना बघत होते.

पाकिटाच्या कोपऱ्यात गणित केलं. ४८ वजा ११, रेझिस्टरवर ३७ व्होल्ट. सदतिसाचा वर्ग १३६९, भागिले १२००, म्हणजे १.१४ वॅट. एक वॅटचा मूळ रेझिस्टर म्हणून हळूहळू करपत गेला. पहिल्या दुरुस्तीत लावलेला अर्ध्या वॅटचा निघाला (तोही माझ्या डबीत होता, मामांनी आकारावरून सांगितलं), तो आठ दिवसांत मेला यात नवल नाही. आणि पाच वॅटचा? तो आरामात बसला होता. टाकी पूर्ण फुटून शून्यावर आली तरी ४८ चा वर्ग भागिले १२००, दोन वॅटसुद्धा होत नाहीत. कितीही मोठा बिघाड झाला तरी त्याला कळणारच नव्हतं.

इथे माझा एक जुना गैरसमज गेला. मला वाटायचं, जास्त वॅटच्या रेझिस्टरमध्ये उष्णताच कमी होते. उष्णता तेवढीच निर्माण होते! व्होल्ट तेवढेच, ओहम तेवढेच, मग वॅटही तेवढेच. अंग मोठं असल्यामुळे तो स्वत: सोसतो, एवढंच. पण ती उष्णता कुठेतरी जाणार. आमच्या पेटीत तो सिमेंटचा ठोकळा प्लेटला टेकवून बसवलेला, आणि त्याला जवळजवळ चिकटून तो छोटा कंडेन्सर. ठोकळा कंडेन्सरला शेकत होता, आणि कंडेन्सर शेकला की अजून बिघडत होता.

पण हे नंतर कळलं. अकरा व्होल्टला काटा थांबला तेव्हा संशयित तीन होते : नळ, ओव्हरफ्लो, टाकी. माईकच्या भागाचा एखादा ट्रान्झिस्टर जास्त ओढत असेल, झेनर गळत असेल, किंवा कंडेन्सर. मामांनी एकेकाला बाजूला काढलं. आधी माईकच्या भागाची वायर सोडली, काटा अकरावरून तेरावर गेला. म्हणजे नळ नेहमीएवढंच पाणी घेतो, निर्दोष. वायर परत जोडली. मग झेनरचा एक पाय उचलला. काटा हललाच नाही. अकरा व्होल्टला झेनर झोपलेलाच असतो, तो काय पिणार. निर्दोष. आता राहिला कंडेन्सर, मी म्हणाले, काढा त्याचा पाय. मामांनी आधी झेनर परत जोडला. मी विचारलं, का? "ओव्हरफ्लो बंद ठिवून टाकी काढली तर सगळं पाणी नळाच्या अंगावर. माईकचा भाग जाईल की." बरोबर. त्याला चाळीसेक व्होल्टचा दणका बसला असता. हे कोणत्याही पुस्तकात वाचून मला सुचलं नसतं, निदान त्या क्षणी तरी नाही.

प्रत्येक वेळी पेटी बंद, प्लग बाहेर, मोठा कंडेन्सर रिकामा, मग कावी, म्हणजे सोल्डर वितळवायची तापती सळई. चार वेळा तेच. कंटाळा करत नाहीत. कंडेन्सरचा पाय उचलला, पेटी चालू केली. काटा सपकन २४ वर.

पुढे स्पीकरमध्ये घरघर होती, टाकी नसल्यामुळे, पण त्या घरघरीतसुद्धा रामकृष्णहरी खणखणीत. भाचा माझ्याकडे बघून हसला. पैकीच्या पैकी मार्क पडलेल्या मुलासारखा.

काढलेला कंडेन्सर मामांनी माझ्या हातावर ठेवला. १०० मायक्रोफॅरडचा, ३५ व्होल्ट आणि ८५ डिग्रीपर्यंत सोसणारा. वरून फुगलेला नाही, गळलेला नाही, अगदी सज्जन दिसणारा. थंड असताना मीटरवर फारसा दोष दाखवत नव्हता. मामांनी नुसती कावी त्याच्याजवळ धरली आणि गळती वाढताना दाखवली. गरम झाला की गळतो, गळला की त्याच्यातच उष्णता होते, म्हणून अजून गरम होतो. शिवाय शेजारी आधीच्या दुरुस्तीने बसवलेला शेगडीचा ठोकळा. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथे तर दोन संन्यासी सुळी देऊन झाल्यावर तिसरा पहिलवान संन्यासी चोराच्या शेजारी नेऊन बसवला होता.

मामांच्या शब्दांत : "टाकीला भोक हाय, म्हणून मोटर दिवसभर चालतीया, म्हणून जळतीया. तुम्ही मोटर बदलत बसला. मोठी मोटर घातली, ती जळंना, पर भोक तसंच."

नवीन कंडेन्सर त्यांनी ६३ व्होल्टचा, १०५ डिग्रीचा लावला, आणि जागा बदलून, वायर जोडून, गरम भागापासून चार बोटं लांब. हे कंडेन्सर जितके गार राहतील तितके टिकतात, साधारण दहा डिग्री कमी तर आयुष्य दुप्पट, असा यातल्या लोकांचा ठोकताळा आहे. सुटलेली तांब्याची रेघ तारेने सांधली. भुसभुशीत सोल्डर काढून नवीन घातलं.

मग रेझिस्टर. मी म्हणाले, पाच वॅटचा राहू द्या ना, आहे तो. मामा नाही म्हणाले. एक वॅटचाच, मेटल ऑक्साइडचा, जो पेट घेत नाही असा, आणि पाय लांब ठेवून प्लेटपासून बोटभर वर उचलून बसवला, चारी बाजूंनी हवा लागेल असा.

"आता अर्धा वॅट तापणार, त्याला एक पुरे. उद्या परत काय बिघडलं तर ह्यानं वरडायला पाहिजे. पाच वॅटवाला वरडत न्हाई. गप बसतो आणि शेजाऱ्याला मारतो."

मी एवढं पटणारं वाक्य वर्गातसुद्धा कधी बोलले नसेन.

एक तासभर पेटी चालवून बघितली. काटा २४ ला खिळलेला. रेझिस्टरला मी बंद केल्यावर बोट लावलं, चांगला चटका बसला, आणि घाबरले. मामा म्हणाले, एवढं तापणं त्याचं कामच आहे. हाताला साधारण साठ डिग्रीलाच सहन होईनासं होतं, रेझिस्टर त्याहून कितीतरी जास्त तापूनही वर्षानुवर्षं चालतात. बोटाने बिघाड ठरवायचा नाही, व्होल्ट मोजायचे आणि हिशेब करायचा. प्लेट भाजत असेल, रंग बदलत असेल, वास येत असेल, तर मात्र बघायचं.

निघताना त्यांनी अजून एक विचारलं, रात्री तुमच्याकडे लाईन, म्हणजे विजेचा दाब, किती असते? मला माहीत नव्हतं. पुतण्याकडून देवळातल्या सॉकेटला मोजून घेतलं, रात्री साडेनऊला २५० च्या वर. घरी येऊन मी पुन्हा गणित मांडलं. लाईन दहा टक्के चढली तर ४८ चे जवळपास ५३ होतात, पण झेनरच्या बाजूला २४ च राहतात. सगळी वाढ एकट्या रेझिस्टरच्या बोडक्यावर : २४ च्या जागी २९ व्होल्ट, ०.४८ वॅटच्या जागी ०.६९. लाईन दहा टक्के वाढली आणि रेझिस्टरची उष्णता ४४ टक्के! ही वाढ एक वॅटवाला सोसतो, पण क्रोशाच्या रुमालाखाली नको. रुमाल आता तबकावर असतो. पूजा बाहेरून, कुंकू बोटाने, अक्षता नाहीत. यावरून मंडळात थोडा वाद झाला, तो वेगळा विषय.

पैसे : अडीचशे. सुटे भाग किती, मजुरी किती विचारलं तर कंडेन्सरचे पंधरा, रेझिस्टरचे पाच आणि "बाकी बसल्याचं". एका सकाळचे एवढेच, आणि त्यात माझी शिकवणी फुकट. मी पन्नास जास्त ठेवले, ते भाच्याने चहावाल्याला देऊन टाकले आणि वर भडंगाची पुडी मागवली.

आता उणे बाजू, कारण निवृत्त झाले तरी लाल पेन सुटलेला नाही. पावती नाही, मंडळाच्या हिशेबाला मला साध्या कागदावर त्यांची सही घ्यावी लागली. फोन नंबर लावून काही उपयोग नाही, स्वत: जावं लागतं. माझं काम एका बैठकीत झालं ते मी हट्टाने बसून राहिले म्हणून. माझ्यासमोर एक जण आला होता, त्याचा मिक्सर नऊ दिवस तिथेच आहे आणि अजून उघडलेला नाही. पावसाळ्यात तर जाऊच नका असं मी म्हणेन, कारण पुलाची पातळी वाढायला लागली की मामा दुरुस्ती थांबवून सगळं सामान माळ्यावर चढवतात. २०१९ ला लोकांच्या वस्तू भिजल्या तेव्हा महिनाभर ते फक्त प्लेटा स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवत होते. चिखल ओला असेपर्यंत वीज वाहतो, वाळायच्या आधी प्लग लावला की संपलं, हे तेव्हा शेकडो लोकांना ओरडून सांगितलं म्हणे. त्याच्यानंतरच बोलणं कमी झालं, असं भाचा म्हणतो.

टीव्ही घेत नाहीत. मोबाइल घेत नाहीत. ॲम्प्लिफायर, जुने रेडिओ, टेप, मिक्सर, इलेक्ट्रॉनिक तानपुरा एवढंच. मिरजेहून गाणारी मंडळी तानपुरे घेऊन येतात, मी असतानाच दोन आले. जाताना एक करा : तुमच्या वस्तूतला जुना, काढलेला भाग असेल तर सोबत न्या, आणि बिघाड कधी होतो, किती वेळाने होतो, हे लिहून न्या. 'चालत नाही' एवढंच सांगितलंत तर ते चष्मा कपाळावरच ठेवतात.

कामाला दहापैकी दहा, व्यवस्थेला दहापैकी चार. दोन्हीची सरासरी काढू नका, काम करून घ्यायचं असेल तर पहिलाच आकडा बघा.

उरलेले सगळे सोमवार निर्विघ्न गेले, गणपती झाले, नवरात्रात तर सलग चार तास पेटी चालली. दर पंधरा दिवसांनी मी झाकणावर हात ठेवून वास घेते, करपट काही नाही. फक्त झाकणाला चार स्क्रू होते, मामांकडून आली तेव्हा तीन होते. त्यासाठी दोनदा जाऊन आले. "मिळंल की बाई, हितंच कुठंतरी असंल," म्हणतात.